सल्फ्युरिकच्या बाटलीतलं आगळ

कोकमाचं आगळ पत्र्याच्या डब्यात टिकत नाही, हे आमच्या आयेचं रसायनशास्त्र. पत्र्याला ते भोक पाडतं, पितळेला कळकवतं, साध्या बाटलीत भरलं तर बूच कुजून आत पडतं, आणि चिनी मातीची बरणी घ्यावी तर करी रोडच्या आमच्या एका खोलीत ती ठेवायची कुठे हा प्रश्न. गावाहून कोणी आलं की रातांब्याचं आगळ यायचं, गडद तांबडं, मिठाने जड झालेलं, आणि आल्या दिवसापासून आयेला त्याच्या मुक्कामाची काळजी लागायची. त्यामुळे कॉलेजच्या रसायनशाळेतला हमाल टवका गेलेल्या बाटल्या मागच्या जिन्याखाली काढून ठेवतो आणि विचारलं तर नेऊ देतो हे मला समजलं, तेव्हा मी त्यातली एक जाड काचेची, काचेचंच घट्ट बूच असलेली बाटली मागून घरी आणली. आयेने ती राखेने घासली, चिंचेने घासली, उन्हात वाळवली आणि आगळ भरून फळीवर देवांच्या शेजारी ठेवली. बाटलीच्या अंगावर काचेतच उठवलेली इंग्रजी अक्षरं होती, 'सल्फ्युरिक अ‍ॅसिड'. ती घासून जाणार नव्हती, आणि जावीत असं आम्हाला कोणाला वाटलंही नाही. उलट आल्यागेल्याला ती वाचून दाखवायचा मान माझा होता. शेजारची पोरं फळीकडे हात न्यायला लागली की आये म्हणायची, "हात लावू नकात रे, हाडां वितळतली." पोरं मागे सरायची, आणि आम्ही त्याच बाटलीतलं आगळ नारळाच्या दुधात घालून भातावर ओतून घ्यायचो.

हल्ली सोलकढी हॉटेलात मिळते. निमुळत्या पेल्यात, वर कोथिंबिरीचं पान तरंगत. मुलगा मला कौतुकाने नेतो आणि म्हणतो, "बाबा, घ्या ना, तुमच्या आवडीची." मी घेतो. पहिला घोट घेताना माझी मान आपोआप खाली जाते, ते त्याला म्हातारपण वाटतं. वाटू दे.

आमचे वडील, आबा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. कानाने थोडे कमी ऐकायचे, साचेखात्यात उमर काढलेली सगळीच माणसं तशी असतात, त्यामुळे आमच्या घरात साधं मीठ मागायचं तरी भांडण चाललंय असं वाटायचं. पहाटेच्या भोंग्याला आये स्टो पेटवायची. चहा, आदल्या दिवशीची भाकरी, आणि आबांच्या डब्यात उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, बरोबर भाजलेला सुका बांगडा. तो बांगडा भाजला की चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत बातमी पोचायची. मी त्याच धुरात बसून कार्बनच्या संयुगांची पानं पाठ करायचो आणि माझ्या शर्टाला तो वास लागू नये म्हणून शर्ट बाहेर गॅलरीतल्या दोरीवर टांगून ठेवायचो. आये ते बघायची आणि बांगडा उलटायची.

खरं म्हणजे वासाच्या बाबतीत मी बोलायचं काही कारण नव्हतं. रसायनाच्या प्रात्यक्षिकाला आम्हाला रोज एकेक पुडी मिळायची, आत पांढरी नाहीतर निळसर भुकटी, आणि ती कशाची आहे हे क्रमाक्रमाने शोधून काढायचं. आधी रंग, मग वास, मग ज्योतीत धरून, मग पाण्यात विरघळवून लिटमस, आणि मग तो हायड्रोजन सल्फाइड वायू. कुजक्या अंड्यांचा वास म्हणतात, पण कुजकी अंडी परवडली. संध्याकाळी मी घरात पाय टाकला की आये नाकाला पदर लावायची. "देवा म्हाराजा, ह्येका शिकाक पाठवलंय की गटारात?" म्हणायची, आणि आधी अंघोळ करायला लावायची. आबा मात्र माझ्या बोटांवरचे पिवळे डाग चाळीतल्या लोकांना हात धरून दाखवायचे. त्यांच्या खात्यातल्या कोणाच्याही मुलाच्या बोटांवर तसले डाग नव्हते. मला ते हात धरून दाखवणं आवडायचं नाही, आणि मी हात सोडवून घ्यायचो.

रसायन मुख्य विषय, आणि गणिताच्या बरोबर खगोलशास्त्राचा एक पेपर. तो शिकवायला मानकर सर होते. गिरगावातलं जुनं घराणं, ठाकूरद्वारला स्वतःचं घर, आजोबा-पणजोबा कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क. धोतर, वर बंद गळ्याचा कोट, आणि हातात बारा महिने काळी छत्री. ती छत्री हे त्यांचं आकाश होतं. आतल्या बाजूला खडूने ठिपके काढलेले. वर्गात ती उघडून दांडा तिरका धरायचे आणि हळूहळू फिरवायचे. टोकाशी ध्रुव, त्याच्याभोवती सप्तर्षी फिरताहेत, हे ठिपके मावळतात, ते कधीच मावळत नाहीत. इंग्रजीत शिकवायचे, आणि कोणाला कळलं नाही असं वाटलं की मराठीत सांगायचे, "मुंबईला ध्रुव फार खाली. उत्तरेला खिडकी असेल तर घरातून दिसेल." आमच्या उत्तरेला गिरणीची चिमणी होती. मी वर्गात मान डोलावली होती, दिसतो म्हणून. त्या वर्गात मी अशी पुष्कळ मान डोलवायचो. कुठे राहतोस म्हटलं की परळला म्हणायचो, आणि परळ म्हटल्यावर समोरच्याच्या मनात हॉस्पिटलच्या बाजूचे डॉक्टरांचे बंगले येत असतील तर मी त्याला अडवायचो नाही.

सरांना पित्ताचा त्रास होता. शिकवता शिकवता मध्येच थांबायचे, छातीवर हात ठेवायचे, तोंड वाकडं करून एक आवंढा गिळायचे आणि "एक्स्क्यूज मी" म्हणून पुन्हा छत्री फिरवायला लागायचे. हे मी एकदा घरी नक्कल करून दाखवलं. आबा पोट धरून हसले. आये हसली नाही. तिने विचारलं, "सर जेवतत काय?" मला काय ठाऊक सर काय जेवतात. पण तिच्या डोक्यात ते पित्त जाऊन बसलं.

त्या दिवसांत सगळ्या मुंबईचंच पित्त खवळलेलं होतं. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हटल्यावर गिरणगावात चूल पेटण्याआधी सभा पेटायची. चाळीच्या चौकात पोवाडे, भिंतींवर डांबराने लिहिलेल्या घोषणा, आणि दर थोड्या दिवसांनी बंद. बंद झाला की ट्राम बंद, गिरणी बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. कुठे बाटल्या फेकल्या, कुठे अश्रुधूर सोडला, कुठे गोळीबार झाला, अशा बातम्या जिन्यावरून वरखाली होत. आमच्या भागातून कॉलेजला निघालेला मुलगा कधी संचारबंदीत अडकायचा, कधी त्याला आईच घराबाहेर सोडायची नाही. गिरगावची मुलं दोन गल्ल्या ओलांडून वर्गात जाऊन बसायची. सत्र संपत आलं तेव्हा माझी हजेरी भरत नाही असं नोटीस बोर्डावर लागलं. हजेरी नाही तर टर्म नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही, आणि आणखी एक वर्ष मला शिकवायचं बळ आबांच्यात नव्हतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. गिरणीत नाव घालून ठेवतो असं खात्यात माणसं भरणारा जॉबर त्यांना आधीच म्हणाला होता. टर्म द्यायची की नाही हे आमच्या वर्गापुरतं मानकर सरांच्या शिफारशीवर होतं.

हे मी घरी सांगितलं, ते सांगायला नको होतं असं त्याच क्षणी वाटलं, कारण आयेच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तिच्यापुढचे दोन्ही प्रश्न एकाच उत्तराने सुटत होते.

"त्या सरांका पित्त होता ना? मगे आगळ घेवन जा," ती म्हणाली. "पाण्यात घालून पियले की पित्त खंय पळात ता कळाचा नाय."

"आये, सरांका असा काय देवचा नसता. लाच म्हणतले."

"लाच पैशाची असता. आगळाची कसली लाच?"

"तुका कळाचा नाय."

"माका कळना नाय ता खरा," ती शांतपणे म्हणाली, "पण पित्त माका कळता."

मी लाचेचं कारण पुढे केलं आणि ते कारण चांगलंही होतं. पण खरं कारण लाच नव्हतं. खरं कारण, ती बाटली पिशवीतून काढून मी सरांच्या टेबलावर ठेवतोय, मागे गिरगावची मुलं उभी आहेत, बूच उघडल्यावर आमच्या खोलीचा वास त्या खोलीभर पसरतोय, हे चित्र होतं. नुसतं मनात आणूनसुद्धा माझे कान तापायचे. आये दोन-तीनदा म्हणाली, मी दोन-तीनदा विसरलो. शेवटी आबा एवढंच म्हणाले, "पोरगो लाजता. रवांदे." मला वाटलं विषय मिटला.

ज्या दिवशी हे घडलं त्याच्या आदल्या दिवशी बंद होऊन गेला होता, गिरण्या अजून सुरू झाल्या नव्हत्या, ट्राम चालू झाली होती असं कोणी म्हणायचं, नव्हती असं कोणी. मी सकाळीच चालत कॉलेजला गेलो. प्रात्यक्षिक झालं, आणि दुपारी मानकर सर आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. गच्चीच्या मधोमध एक काठी ओळंब्यात उभी केली होती. तिची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघायचं, त्यावरून मध्यान्ह काढायची, आणि घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा कसे वेगळे ते समजून घ्यायचं. आबा मला विचारायचे, "दिवसाचे कसले तारे दाखवतत तुका?" त्या दिवशी दिसायचे होते. आम्ही उकिडवे बसून सावलीच्या टोकाशी खडूने खुणा करत होतो. सर छत्री उघडून स्वतः सावलीत उभे होते. तेवढ्यात जिन्यातून एक पोलीस शिपाई धापा टाकत वर आला.

"हितं मानकर मास्तर कोन हायेत?"

"मी मानकर."

"सी. पी. टँकच्या नाक्यावर एक गिरणीवाला धरलाय. पिशवीत तेजाबाची बाटली घावली. आता म्हंतोय, ती मानकर मास्तरांस्नी द्यायची हुती. म्हंतोय, पोरगा कॉलेजात शिकतोय, ह्ये मास्तर त्येला वळखत्यात."

सर म्हणाले, "मला? अ‍ॅसिड? कोणी पाठवलं?" आणि वर्गात हशा पिकला. कोणीतरी मागून म्हणालं, "सर, टर्म दिली नाही वाटतं कोणाला." हशा आणखी वाढला. मीही हसल्यासारखा चेहरा केला. मग शिपायाने खाकी खिशातून चिठ्ठी काढून आबांचं नाव वाचलं, आणि त्या नावामागचं आडनाव वर्गाच्या हजेरीत माझ्या एकट्याचं होतं. सगळ्या माना वळल्या. मी उठलो. सावलीची खूण माझ्या चपलेने पुसली गेली.

"माझे वडील आहेत," मी म्हणालो. 

शिपाई पुढे, मागे सर आणि मी, असे आम्ही रस्त्याने निघालो. दुकानांची निम्मी दारं लोटलेली. सरांनी छत्री अर्धी माझ्यावर धरली, आणि ती माझ्यावर धरू नये असं मला फार वाटत होतं. चालता चालता त्यांनी विचारलं, "तुझ्या वडलांना सल्फ्युरिक अ‍ॅसिड कशाला लागतं?"

"सर, अ‍ॅसिड नाही. आगळ आहे. कोकमाचं. बाटली तेवढी अ‍ॅसिडची."

"आगळ." सर चालत राहिले. "ते माझ्याकडे कशाला?"

"तुमच्या पित्तावर."

सरांनी छातीवर हात नेला आणि तो तसाच खाली आणला. माझं पित्त तुमच्या घरी कसं कळलं, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नक्कल केल्याचंही सांगून टाकलं असतं, अशा अवस्थेत मी होतो.

चौकीत आबा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. धुवट पांढरा शर्ट, लग्नाकार्याला घालायचं धोतर, आणि मांडीवर काढून ठेवलेली टोपी. सरांना बघताच ते उठले आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बाटली कुठे दिसेना. मग दिसली. आग विझवायच्या लाल बादलीत वाळू असते, त्या वाळूत ती गळ्यापर्यंत पुरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती, आणि त्या टोकाला कोणी जात नव्हतं. पकडल्यापासून ती कोणी उघडलीच नव्हती. आबा सारखे सांगत होते आगळ आहे, उघडून बघा, आणि ज्या बाटलीवर सल्फ्युरिक अ‍ॅसिड लिहिलंय ती उघडून हुंगायला चौकीतला कोणी तयार नव्हता. त्यांना तरी काय बोल लावायचा. पंधरवड्यापूर्वीच त्यांच्यातल्या एकाचा हात तेजाबाने भाजला होता.

तिथला अधिकारी तरुण होता, थकलेला होता, आणि वाईट माणूस नव्हता. सरांना त्याने खुर्ची दिली.

"प्रोफेसरसाहेब, तुम्ही सांगा हे काय आहे, आणि सोडवा मला यातून."

"माझा विषय आकाशातला," सर म्हणाले. "रसायन या मुलाचं."

अधिकारी माझ्याकडे वळला. "चल. तूच सांग मग."

मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, हे कोकम आहे, आम्ही हे रोज जेवतो. हे एक वाक्य. पण चौकीत, सरांच्या पुढे, 'आम्ही हे रोज जेवतो' हे माझ्या तोंडातून येईना. त्याऐवजी मी विद्यार्थी झालो. सकाळच्या प्रात्यक्षिकाचा लिटमसचा निळा कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी बादलीपाशी गेलो, वाळू झटकून बाटली काढली, बूच फिरवून उघडलं. आमच्या खोलीचा वास चौकीभर पसरला. मी कागदाची पट्टी फाडली, टोक आत बुडवलं आणि वर धरलं. पट्टी लालभडक.

"लाल म्हणजे काय?" अधिकाऱ्याने विचारलं.

तोंडी परीक्षेत उत्तर देतात तसं मी दिलं. "अ‍ॅसिडिक, सर."

"म्हणजे अ‍ॅसिड."

"हो. म्हणजे... हो."

रंगीत द्रावणात लिटमस बुडवू नये, त्याने काहीच सिद्ध होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. तांबड्या आगळात कुठलाही कागद बुडवला असता तरी तांबडाच निघाला असता, ट्रामचं तिकीटसुद्धा. हे मला आठवलं, पण तोपर्यंत शिपाई दोन पावलं मागे सरले होते आणि अधिकाऱ्याने टाक उचलला होता. मी त्या पट्टीकडे बघत उभा राहिलो, जणू ती आता स्वतःच काही बोलणार होती.

"दिगू," आबा मोठ्याने म्हणाले, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते नेहमीच मोठ्याने बोलायचे, "काय सांगलंस रे त्यांका?"

मी पट्टी उलटून बघितली. मग ते पुढे आले, माझ्या हातातून बाटली घेतली आणि तोंडाला लावली. आगळ कोणी असं पीत नाही. चमचाभर पेलाभर पाण्यात घालायची ती वस्तू, नुसत्या मिठाची आणि आंबटाची. आबांनी दोन मोठे घोट घेतले. त्यांचे डोळे मिटले, गळ्याच्या शिरा फुगल्या, ठसका लागला, आणि तोंडातून तांबडी धार हनुवटीवरून त्या पांढऱ्या शर्टावर उतरली. "अरे, अरे," म्हणत एक शिपाई दरवाज्यापर्यंत पळाला. क्षणभर सगळ्यांना ते रक्तच वाटलं. आबा खोकले, मनगटाने तोंड पुसलं, हात जोडले, आणि हसले. "आगळ सायबा," ते म्हणाले. "कोकम. जेवणातला."

मग चौकी हसायला लागली. अधिकारी टाक ठेवून हसला, डोळे पुसून पुन्हा हसला. पळालेला शिपाई दारातून आत डोकावून हसला. त्यांच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, सुटल्याचं हसणं होतं ते. आणि आबाही त्यांच्याबरोबर हसत होते, हात जोडलेले तसेच, शर्ट भिजलेला. ते हसणं मला सोसलं नाही. आजही डोळ्यांपुढे येतं ते पिणं नाही, ठसका नाही, ते हसणं. आपल्यामुळे साहेबांना त्रास झाला, आता साहेब हसताहेत तर आपणही हसावं, हा जो हिशेब त्यात होता, तो त्यांनी कुठल्या जॉबरापुढे, कुठल्या खातेमास्तरापुढे किती वर्षं गिरवला असेल ते मला त्या वेळी पहिल्यांदा दिसलं, आणि दिसल्यावर मला त्यांच्याबद्दल माया वाटायला हवी होती. मला लाज वाटली. नुसती लाज, पायाच्या नखापासून, आणि मी मान खाली घातली.

मानकर सर हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "साहेब, मुलाचंही चुकलेलं नाही. आंबट ते सगळं अ‍ॅसिडच. लिंबूसुद्धा." अधिकाऱ्याने आबांना पाणी द्यायला लावलं, काही तरी खरडून सही घेतली आणि सोडलं. जाताना म्हणाला, "बाटली बदला, बाबा."

इथवर आलं होतं तेच पुष्कळ होतं. पण चौकीच्या पायरीवर आबा थांबले, बाटलीचं बूच नीट बसवलं, धोतराच्या सोग्याने ती पुसली आणि दोन्ही हातांनी सरांच्या पुढे धरली.

"सर, तुमच्यासाठी हाडलेला. घराकडचा असा. आणि पोराची टर्म तेवढी..."

"टर्म?" सर म्हणाले. "टर्म मी कालच दिली. सगळ्यांनाच. बंद काय त्यांनी केला?" मग त्यांनी बाटलीकडे पाहिलं, हात थोडा पुढे आला आणि मागे गेला. "विद्यार्थ्यांच्या घरून मी काही घेत नाही. आजवर घेतलं नाही. राग मानू नका."

"नाय, नाय," आबा म्हणाले. "राग कसलो." आणि पुन्हा तसंच हसले.

सर छत्री उघडून कॉलेजच्या दिशेने गेले. आम्ही दोघे भायखळ्यावरून चालत घरी आलो. मी पुढे, आबा मागे. लोक त्यांच्या शर्टाकडे बघून विचारत होते, कुठे लागलं, कुठे गोळीबार झाला? आबा सांगायचे, काही नाही, कोकम सांडलं. दोन ठिकाणी लोकांना ते खरं वाटलं नाही आणि त्यांनी आबांना ओट्यावर बसवून पाणी दिलं. त्या वेळी मी पुढच्या कोपऱ्यावर उभा राहून वाट बघितली. आयेने शर्ट बघितला आणि काय झालं म्हणून विचारलं. आबा म्हणाले, "सर भले माणूस. टर्म दिली त्यांनी." तिला ते आगळामुळेच झालं असं वाटलं, आणि तिचा तो समज आम्ही दोघांनीही कधी मोडला नाही.

वर्गात पुढे काही दिवस मला 'सल्फ्युरिक' म्हणायचे, मग तेही संपलं. मी परीक्षा दिली. रसायनात चांगले मार्क पडले, खगोलात त्याहून चांगले. निकालाच्या दिवशी आबांनी साऱ्या चाळीत पेढे वाटले, माझे हात धरून माझी बोटंही दाखवली, आणि त्या दिवशी मी हात सोडवून घेतला नाही. मला वाटलं, आता झालं, भरपाई झाली. इतकी स्वस्त भरपाई असते असं मानण्याचं ते वय होतं.

पदवीदानाचं निमंत्रण आलं तेव्हा घरच्या एका माणसाला बरोबर नेता येत होतं. मी भाड्याचा झगा ठरवून आलो आणि आबांना म्हणालो, नवीन शर्ट शिवून घ्या, तुम्हीच यायचं. ते खाटेवर बसून पान जुळवत होते. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा मोठ्याने म्हणालो.

"आयकलंय," ते म्हणाले. "तू जा. आयेक घेवन जा."

"आबा, तुमी येवक व्हया. तुमचोच तो दिवस."

त्यांनी पानाला चुना लावला, शिरा काढल्या, घडी घातली. रागाचा मागमूस नव्हता. ते नेहमीसारखे मोठ्याने बोलायला हवे होते, पण त्या वेळी ते हळू बोलले, इतकं हळू त्यांना मी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

"दिगू, त्या दिसा चौकीत सगळे माझ्याकडे बघी होते. पोलीस बघी होते, तुझे सर बघी होते. तूच तेवढो बघूक नायस."

पदवीदानाला आये आली होती. आबा त्या दिवशी पाळीवर गेले.